दूध संस्थेला ॲप हवं की वेब? काट्यापाशी एक उत्तर, गोठ्यात दुसरं

गावच्या दूध संस्थेचं काम संगणकावर आणायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो "मोबाइल ॲप करायचं की वेबवर?" अख्ख्या संस्थेसाठी याचं एकच उत्तर शोधलं तर ते हमखास चुकतं, कारण ही यंत्रणा दोन अगदी वेगळी माणसं वापरणार असतात. एक, सकाळ-संध्याकाळ काट्यापाशी उभा असलेला सचिव. दुसरा, दूध घालून घरी गेलेला सभासद. दोघांचं काम वेगळं, फोन वेगळा, घाईही वेगळी. माझं मत स्पष्ट आहे: काट्यापाशी नेटिव्ह ॲप, म्हणजे थेट टॅबवर बसवलेलं ॲप, आणि सभासदासाठी ब्राउझरमध्ये उघडणारं वेबपान. त्याची कारणं यंत्रांपासून सुरू होतात.

संकलनाच्या वेळी सभासद क्रमांक टाकायचा, काट्यावरून वजन घ्यायचं, दूध तपासणाऱ्या ॲनालायझरवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) घ्यायचं, दरपत्रकातून दर काढायचा आणि पावती द्यायची. मागे रांग असते. आकडे हाताने टाकायचे म्हटलं तर ३.५ चे ५.३ होतात आणि भांडण लागतं. म्हणून यंत्रातले आकडे थेट यायला हवेत. बरेच काटे आणि ॲनालायझर अजूनही आरएस-२३२ ही जुन्या सिरियल पद्धतीची नऊ पिनांची जोडणीच देतात. टॅबला ते जोडायला ओटीजी वायर (टॅबच्या चार्जिंगच्या जागी युएसबी यंत्र लावायची वायर) आणि युएसबी-सिरियल कन्व्हर्टर लागतो. त्याच्या पोटात एफटीडीआय, सीपी२१०२, सीएच३४० किंवा पीएल२३०३ यांपैकी एखादी चिप असते. अँड्रॉइडच्या नेटिव्ह ॲपमधून या चारही प्रकारच्या चिप चालवणारी मुक्त लायब्ररी, म्हणजे कोडचा संच, तयार मिळते.

इथे अडचणी ठरलेल्या असतात. पडद्यावर अगम्य चिन्हं आली तर आधी बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे आहे का ते पाहा. काहीच येत नसेल तर पाठवायची आणि घ्यायची तार उलट जोडलेली असू शकते. तिथे क्रॉस केबल लागते. काटा वजन सतत पाठवत राहतो. कॅन ठेवताना हलणारा आकडा पकडला गेला तर नोंद चुकीची होते. त्यामुळे सलग चार-पाच वेळा तोच आकडा आला तरच तो स्थिर धरायचा. आणि ओटीजी लावल्यावर चार्जिंगची जागा अडते. ओटीजी चालू असताना चार्जही होणारा हब सगळ्या टॅबवर चालत नाही. टॅब विकत घेण्याआधी हे दुकानातच जोडून पाहावं, नाहीतर संकलन निम्म्यावर असताना बॅटरी संपते.

हेच काम ब्राउझरमधून होणार नाही का? वेबपानाला यंत्रांशी बोलू देणाऱ्या वेब युएसबी आणि वेब ब्लूटूथ या सोयी क्रोममध्ये आहेत, सफारीत दोन्ही नाहीत. वेब ब्लूटूथला फक्त लो एनर्जी प्रकारची उपकरणं कळतात. संस्थेतला स्वस्त पावती प्रिंटर मात्र बहुधा जुन्या, क्लासिक ब्लूटूथच्या सिरियल पद्धतीने बोलतो. म्हणजे वेब ब्लूटूथला तो दिसतच नाही. एवढ्या एका कारणावरूनही काट्यापाशी नेटिव्ह ॲप घ्यावं असं मी म्हणेन.

प्रिंटरची आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. ५८ मिमी कागदाच्या साध्या थर्मल प्रिंटरच्या आत देवनागरी अक्षरं सहसा नसतात. मराठी मजकूर तसाच पाठवला तर प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं छापून येतात. उपाय असा, की पावती आधी ॲपमध्ये चित्र म्हणून काढायची आणि ते चित्र प्रिंटरला पाठवायचं. छपाईची खरी रुंदी ४८ मिमी, दर मिमीला ८ ठिपके, म्हणून चित्र बरोबर ३८४ ठिपके रुंद हवं. ब्लूटूथवर चित्र हळू जातं. त्यासाठी पावती पाच-सहा ओळींत बसवा आणि संस्थेचं मोठं बोधचिन्ह गाळा.

आता नेट. नेट गेलं म्हणून दूध थांबत नाही. नोंद आधी टॅबमधल्याच एसक्युलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये पडायला हवी आणि रेंज आली की सर्व्हरवर जायला हवी. पाठवलेली नोंद पोचली, पण पोच परत यायच्या आत रेंज गेली, तर ॲप तीच नोंद पुन्हा पाठवतं आणि सभासदाच्या नावावर दूध दोनदा चढतं. प्रत्येक नोंदीला टॅबवरच एक यूयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा ओळख क्रमांक, द्या आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद करू नये. रक्कम रुपयांऐवजी पैशांतच, पूर्णांकात साठवा. फॅट ३.५ हेही ३५ असं ठेवा. दशांशात ठेवलं की दहा दिवसांच्या बिलाला काही पैशांचा फरक निघतो आणि तो सापडता सापडत नाही. दर टॅबने काढला असेल तर पावतीवर छापलेला आकडाच खरा. सर्व्हरने तो तपासावा, पण गुपचूप बदलू नये. दुरुस्ती करायची तर जुनी नोंद खोडायची नाही, वेगळी दुरुस्तीची नोंद घालायची. दरपत्रक ॲपच्या कोडमध्ये कधीही ठेवू नका. गाय दूध ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला मूळ दर, तिथून वरखाली अशी ती जंत्री वारंवार बदलते. ती सर्व्हरवरून यावी आणि कोणत्या दरपत्रकाने बिल झालं तो क्रमांक प्रत्येक नोंदीत असावा.

नेटिव्ह म्हणजे सगळं निर्धास्त असं मात्र नाही. अँड्रॉइडमध्ये ठरावीक वेळाने पार्श्वभूमीत चालणारं काम १५ मिनिटांहून कमी अंतराने लावता येत नाही. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी तेही बंद पाडतात. म्हणून संकलन संपताना सचिवाने दाबायचं 'सत्र बंद' असं ठळक बटण द्या आणि 'न गेलेल्या नोंदी: ०' हे डोळ्यांना दिसू द्या. ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली (ॲप आपलंच आहे हे पटवणारी फाइल) हरवली आणि ॲप प्लेस्टोरबाहेरून टाकलेलं असेल, तर जुन्यावर नवं बसत नाही. जुनं काढावं लागतं आणि न गेलेल्या नोंदी त्याच्यासोबत पुसल्या जातात. किल्लीची प्रत दोन ठिकाणी ठेवा.

सभासदाचं गणित उलटं आहे. त्याला आजचं दूध किती लागलं, फॅट किती, बिल किती एवढंच बघायचं असतं. यासाठी यंत्र लागत नाही, प्रिंटर लागत नाही. फोनमधली जागा संपली की क्वचित लागणारं ॲप पहिलं काढलं जातं. फॅशन विकणाऱ्या मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं होतं आणि जून २०१६ मध्ये डेस्कटॉपची साइट पुन्हा उघडली. खरेदीला येणाऱ्यांनाही दुसरं दार लागतं, मग फक्त दोन आकडे बघणाऱ्या शेतकऱ्यावर ॲपची सक्ती कशाला?

एसएमएसमधला दुवा दाबला की पान उघडावं, एवढंच करा. मराठी एसएमएसच्या एका भागात ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. दुवा लांबलचक असेल तर दोन भागांचे पैसे पडतात. मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर, आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर साच्यात एक शब्द जरी इकडेतिकडे झाला तरी संदेश अडतो. पानात वेगळा देवनागरी फॉन्ट घालू नका. अँड्रॉइडमध्ये तो असतोच, उगाच शंभरेक केबी वाढतात. पानाला भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात.

रेंज नसताना मागचं बिल दिसावं म्हणून सर्व्हिस वर्कर (पान फोनमध्ये साठवून ठेवणारा ब्राउझरमधला छोटा प्रोग्रॅम) लावला, तर एक सापळा असतो. नवा सर्व्हिस वर्कर जुनी सगळी पानं बंद होईपर्यंत थांबून राहतो. फोनवर माणूस पान कधी पुरतं बंद करत नाही आणि जुनाच पडदा दिसत राहतो. नवी आवृत्ती आल्यावर 'ताजं करा' अशी पट्टी दाखवा आणि पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक छापा, म्हणजे फोनवर तक्रार आली की विचारता येतो. आयफोनवर सफारीत सात दिवस त्या साइटला हात लागला नाही तर साठवलेला मजकूर पुसला जातो. पान होम स्क्रीनवर ठेवलं असेल तर हा नियम लागत नाही. सूचनाही (नोटिफिकेशन) आयओएस १६.४ पासून फक्त होम स्क्रीनवर ठेवलेल्या पानालाच मिळतात. सभासदाकडे फक्त वाचायचं पान असल्याने यातून नुकसान होत नाही. नोंदी घेणारं पान असतं तर झालं असतं.

संचालक मंडळाला 'प्लेस्टोरवर आपलं नाव' हवंच असेल तर तेच वेबपान ट्रस्टेड वेब ॲक्टिव्हिटीने, म्हणजे वेबपानाला ॲपचं वेष्टन घालायच्या अँड्रॉइडच्या सोयीने, ॲप म्हणून देता येतं. वरती पत्त्याची पट्टी दिसत राहिली तर बहुधा डोमेनवरच्या अॅसेटलिंक्स फाइलमधला (साइट आणि ॲप एकाच मालकाचे हे सांगणारी फाइल) किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारा आकडा, चुकलेला असतो. तिथे स्वतःच्या किल्लीचा नाही, प्लेस्टोर ज्या किल्लीने अंतिम सही करतं तिचा ठसा लागतो. प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दरवर्षी ९९ डॉलर. संस्थेच्या नावाने प्लेचं खातं काढायला डन्स क्रमांक (संस्थेची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लागतो. तो मिळायला दिवस जातात, अर्ज आधी करा. नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल तर १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणी केल्याशिवाय ॲप सर्वांसाठी खुलं होत नाही. शिवाय प्लेस्टोर दरवर्षी नव्या अँड्रॉइडसाठी ॲप जुळवून मागतं. तो खर्च संस्थेच्या पहिल्या कोटेशनमध्येच लिहून घ्या.

काट्यापाशी नवी आवृत्ती टाकायची ती दुपारी, दोन संकलनांच्या मध्ये, 'न गेलेल्या नोंदी: ०' दिसल्यावर. आणि बिलाचे दहा दिवस पूर्ण झाल्यावर, अधेमधे नाही.