करिअर निवडण्याआधी त्या कामाचा एक दिवस पाहावा

दरवर्षी जानेवारी उजाडला की बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी प्रात्यक्षिक संपल्यावर माझ्या टेबलापाशी रेंगाळू लागतात. ब्युरेट धुऊन स्टँडला उलटी लावलेली असते, जर्नलवर सही झालेली असते, तरी त्यांचा पाय निघत नाही. मग एखादा विचारतो, "सर, एम.एस्सी. करू की एमपीएससीला बसू?" इतकी वर्षे हा प्रश्न ऐकल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना परीक्षा आहे, काम कुठेच नाही. परीक्षा पार पडल्यावर पुढची तीस वर्षे रोज सकाळी दहा वाजता आपल्यासमोर काय येणार आहे, हे विचारणाऱ्याने कधी पाहिलेले नसते.

मीही पाहिले नव्हते. पदवीनंतर पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून मी तीन वर्षे राज्यसेवेची तयारी केली. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री पुन्हा अभ्यासिका असा दिनक्रम होता. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्य परीक्षा निघाली नाही. त्या अपयशाचे दुःख काळाबरोबर कमी झाले. मात्र एक गोष्ट अजूनही मनाला लागते. त्या तीन वर्षांत दाखल्यांच्या खिडकीपलीकडे तहसील कार्यालय कसे असते, हे मी कधी पाहिले नाही. ज्या खुर्चीसाठी वडिलांचे पैसे आणि माझी उमेदीची वर्षे लावली होती, त्या खुर्चीवरचा माणूस दिवसभर काय करतो, हे मला ठाऊक नव्हते आणि ते जाऊन पाहावे, असे मला कोणी सुचवलेही नाही.

म्हणून आता मी मुलांना पाहायला पाठवतो. मागे एका विद्यार्थिनीने महसूल खात्यात जायचे ठरवले होते. रीतसर परवानगी काढून ती दोन दिवस तहसील कार्यालयात मागच्या बाकावर बसली. पहिल्या दिवशी शेतरस्त्याची सुनावणी होती. अडवलेल्या रस्त्यांचे असे दावे मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांपुढे चालतात. दोन चुलतभावांचा वाद होता. एकाने बांधावर काटेरी कुंपण घातलेले, दुसऱ्याचा ऊस तोडणीला आलेला आणि ट्रॅक्टर न्यायला वाट नाही. वकील बोलत असताना तहसीलदार नकाशा आणि पंचनामा आलटून पालटून पाहत होते, असे तिने वहीत टिपून ठेवले होते. दुपारनंतर वारस नोंदींच्या तक्रारी, मग पाणीटंचाईची बैठक, आणि या सगळ्याच्या मध्ये सतत वाजणारा फोन. परत आल्यावर ती म्हणाली, "सर, मला कंटाळा आला नाही. एक म्हातारे गृहस्थ सारखे काहीतरी सांगू पाहत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. मला उठून त्यांच्याशी बोलावंसं वाटत होतं." तिच्या या दोन वाक्यांनी मला जे कळले, ते कोणत्याही कलचाचणीतून कळले नसते. कलचाचणी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. आकड्यांत रमणारा कोण आणि माणसांत रमणारा कोण, याचा अंदाज तिच्यावरून येतो. परंतु ज्याने काम पाहिलेलेच नाही, तो त्या कामाविषयीच्या प्रश्नाला कल्पनेतूनच उत्तर देणार.

दुसरा विद्यार्थी याच्या उलट होता. कंपनी म्हणजे धूर आणि धावपळ, असे त्याच्या मनात घट्ट बसले होते. नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आले आहे आणि अनेक मुले ते केवळ प्रमाणपत्रापुरते उरकतात. याने मात्र ते तास कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत मनापासून घालवले. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रासाठी मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारे द्रावण, तयार करायची, तिचा पीएच जुळवायचा, ती गाळून घ्यायची, प्रत्येक वजनाची छापील पट्टी नोंदवहीत चिकटवून सही करायची. आकडा चुकला तर व्हाइटनर लावायचा नाही. एकच आडवी रेघ मारून बाजूला सही, तारीख आणि कारण लिहायचे. हा काटेकोरपणा त्याला मनापासून आवडला, रात्रपाळी मात्र सोसवेना. आता त्याचा प्रश्न नेमका झाला: असेच बारकाईचे, पण दिवसा चालणारे काम कोणते? तेव्हा कुठे पेटंट एजंटच्या, म्हणजे इतरांच्या शोधांसाठी पेटंटचे अर्ज तयार करून दाखल करणाऱ्याच्या, परीक्षेचा विषय निघाला. पेटंट कायदा, 1970 नुसार विज्ञान किंवा अभियांत्रिकीचा पदवीधर, वयाची 21 वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक या परीक्षेला बसू शकतो. वर्गातल्या एकाही मुलाने तिचे नाव ऐकलेले नव्हते.

संशोधनाकडे ओढा असणाऱ्यांनी देशातील तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी अवश्य अर्ज करावा. फसलेला प्रयोग पुन्हा पुन्हा लावण्याचा धीर आपल्यात आहे का, हे दोन महिन्यांत उमगते. पदवीनंतर वर्षभराची अप्रेंटिसशिप करून विद्यावेतन घेत काम शिकता येते. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाल्यापासून ही वाट अभियंत्यांखेरीज इतर पदवीधरांनाही मोकळी आहे.

घरची परिस्थिती प्रत्येकाला दोन वर्षे चाचपडण्याची मुभा देत नाही, हे मी जाणतो. मुलींना तर लग्नाच्या बोलण्यांमुळे ती मुभा आणखी कमी मिळते. म्हणूनच हे पाहणे पदवीची वर्षे चालू असताना, सुट्ट्यांमध्ये व्हावे, असा माझा आग्रह आहे. स्पर्धा परीक्षेच्या बाबतीत तर किती प्रयत्न करायचे, हे पहिला अर्ज भरण्याआधी घरात बसून ठरवावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा खुल्या गटातील उमेदवाराला 32व्या वर्षापर्यंत सहा वेळा देता येते. ही नियमांनी दिलेली कमाल मर्यादा आहे. तीच आपली योजना समजून बसलेली मुले मी सदाशिव पेठेत जवळून पाहिली आहेत. तहसील कार्यालयात बसून आलेल्या त्या विद्यार्थिनीने दोन प्रयत्न ठरवले आहेत आणि तोवर एम.एस्सी. चालू ठेवली आहे.

आमच्या विभागाच्या फळ्यावर आता माजी विद्यार्थ्यांची एक यादी लावलेली असते: कोण कोणते काम करतो आणि कोणत्या वारी भेटू शकतो. भेटायला जाणाऱ्याला मी एवढेच सांगतो की, "यात स्कोप आहे का?" असे विचारू नकोस, "काल सकाळपासून काय काय केलंत?" असे विचार आणि उत्तर लिहून आण. कुरकुंभला काम पाहून आलेला तो विद्यार्थी परीक्षेची तयारी करत सध्या तिथेच नोकरी करतो. त्याचेही नाव यादीत आहे आणि त्याच्या सूचनेवरून नावापुढे लिहिले आहे: पाळी दर आठवड्याला बदलते, आधी फोन करावा.