मेला की विचारात आहे?

जुना कॉम्प्युटर गोठतो तेव्हा पहिले काही क्षण ते कुणाच्या लक्षातच येत नाही. अक्षरं उमटायची थांबलेली असतात, तरी बोटं दोन-तीन शब्द पुढे जाऊन पोचतात. मग माउस हलवून बघायचा. बाण हलला तर जिवात जीव येतो. नाही हलला तर नजर आपोआप खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे जाते. तेही मागे पडलेलं दिसलं की समजायचं, सगळा कारभार थांबलाय, आणि केव्हा थांबला तेही मिनिटासकट नोंदवून ठेवलंय. बिघडताना वेळ लिहून ठेवणारं घरात दुसरं यंत्र नाही. मिक्सर असं काही करत नाही.

गेम चालू असताना गोठला तर प्रकार जास्त नाट्यमय. चित्र थिजतं, पण आवाज थांबत नाही. तलवारीच्या खणखणाटाचा एक बारीक तुकडा ‘ट्र्र्र्र्र’ करत अडकून बसतो. याचं कारण मला फार आवडतं. आवाजाचा छोटा तुकडा मेमरीत आधीच मांडून ठेवलेला असतो. साउंड कार्ड तो शेवटापर्यंत वाजवून पुन्हा सुरुवातीला येतं, आणि वाजून झालेल्या जागेत प्रोसेसर नवा आवाज भरत राहतो. प्रोसेसरचा हात थांबला, तरी ही बातमी साउंड कार्डाला कोण देणार? ते इमानेइतबारे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत बसतं. त्यामुळे मी दुसऱ्या खोलीत असले तरी ‘आई!’ ही हाक यायच्या आधीच मला सगळं कळलेलं असतं.

कारण घरात या यंत्राची डॉक्टर मी. नेमणूक कुणी केली ते आठवत नाही, पण बाकीच्यांची निदानं ऐकली की कुणीतरी हे काम हातात घ्यायलाच हवं होतं हे पटतं. लेकाच्या मते सगळ्याचं कारण एकच, ग्राफिक्स कार्ड, आणि उपायही एकच, नवं ग्राफिक्स कार्ड. सासऱ्यांच्या मते कारण म्हणजे लेक. नवरा जाता जाता ‘फॉरमॅट मारून टाक’ एवढं बोलून निघून जातो. फॉरमॅटला, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने घालण्याला, माझा विरोध तो चालत नाही म्हणून नाही. पुष्कळदा चालतो. पण त्यात दुखणं गेलं तरी ते काय होतं हे कायमचं अंधारात राहतं, आणि दोन महिन्यांनी ते परत आलं की आपण होतो तिथेच. तीच गोष्ट ‘तुमचा पीसी वेगवान करा’ म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅम्सची. आधीच दम लागलेल्या यंत्राच्या पाठीवर आणखी एक ओझं टाकायचं, आणि त्या ओझ्याने म्हणायचं, बघा, मी सफाई करतोय.

सगळ्यांत चांगला प्रश्न मात्र सासऱ्यांचा असतो. चष्मा वर करून ते विचारतात, “अगं, ते गोल फिरतंय म्हणजे काम चाललंय ना?”

आता याचं उत्तर काय द्यावं? ते गोल फिरणं म्हणजे नुसतं चित्र. ते फिरवणारा एक आणि काम करणारा दुसरा असू शकतो. दुसरा कधीच कोसळलेला असला तरी पहिला फिरवत राहतो. बरं, प्रोग्रॅम अडकलाय की नुसता रमतगमत चाललाय हे खुद्द कॉम्प्युटरने तरी ओळखावं, तर तीही सोय नाही. अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ सालीच, म्हणजे आजच्यासारखे कॉम्प्युटर अस्तित्वात यायच्या आधी, सिद्ध केलं होतं, की कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी तो कधीतरी थांबेल की अनंतकाळ फिरत राहील हे अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही. थोडक्यात, सासऱ्यांच्या प्रश्नाला गणितातच सरसकट उत्तर नाही.

मग विंडोज काय करतं? घड्याळ लावून बसतं. आपण केलेलं क्लिक, दाबलेली कळ, हे सगळे निरोप प्रोग्रॅमच्या दारात रांगेने उभे राहतात. ५ सेकंदांत त्याने एकही निरोप आत घेतला नाही, तर विंडोज त्या खिडकीच्या जागी तिचंच फिकट चित्र उभं करतं आणि वर ‘नॉट रिस्पाँडिंग’ अशी पाटी लावतं. या चित्राला तांत्रिक भाषेत ‘घोस्ट विंडो’ असंच म्हणतात. म्हणजे ती पांढुरकी झालेली खिडकी, जिच्यावर आपण रागाने क्लिक करत असतो, ती मूळ प्रोग्रॅमची नव्हेच. मूळ प्रोग्रॅम मागे कुठेतरी कदाचित एखादी मोठी फाइल उघडण्यात गढलेला असेल, आणि मिनिटाभराने काहीच न घडल्यासारखा परतही येईल. मेला असं जाहीर झालेले पुष्कळ प्रोग्रॅम नुसते विचारात असतात. म्हणून घरात माझा नियम आहे: पाटी दिसली की लगेच गळा दाबायचा नाही.

संपूर्ण कॉम्प्युटरच गोठला असेल तर मी आधी नम लॉक दाबून बघते. कीबोर्डवरचा तो दिवा कीबोर्ड आपल्या मर्जीने लावत नाही. कळ दाबल्याचा निरोप आत जातो आणि ‘दिवा लाव’ असा हुकूम उलट येतो. दिवा लागला-विझला तर आत कुणीतरी जागं आहे, थांबायला हरकत नाही. दिवा ढिम्म राहिला तर पॉवरचं बटण धरून ठेवण्याला पर्याय नाही. एवढी साधी नाडीपरीक्षा, पण ती ठाऊक असलेली माणसं कमी भेटतात.

जागं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीवर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने ही त्रयी ठरवली. आधी डिलीटच्या जागी एस्केप होतं. पण त्या तिन्ही कळा डाव्या हाताला असल्याने चुकून दाबल्या जायची भीती होती, म्हणून दोन हात लागतील अशी रचना केली. मूळ सोय फक्त आतल्या लोकांसाठी होती, यंत्र झटकन पुन्हा सुरू करता यावं एवढ्यासाठी. पुढे ती जगभरच्या वैतागलेल्या माणसांची झाली. मी स्वतः आता कंट्रोल-शिफ्ट-एस्केप वापरते. आत कोण किती कामात आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर थेट उघडतो.

आणि आमच्या यंत्राच्या दुखण्याचा धागा तिथेच सापडला. सगळं गोठल्यासारखं झालेलं असताना प्रोसेसर जेमतेम ६-७ टक्के कामात आणि डिस्कपुढे मात्र लालभडक १००. “आई, डिस्क भरली,” लेकाने निकाल दिला. पण तो आकडा जागेचा नव्हता, वेळेचा होता. डिस्क अर्धी रिकामी होती; तिला क्षणाची उसंत नव्हती इतकंच. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स, सगळे हातावर हात ठेवून तिची वाट बघत होते.

किती वाट, त्याचा हिशोब मी लेकाला कागदावर करून दाखवला. जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी ते डोकं योग्य पट्टीवर सरकायला साधारण ९. झाले १३. माहिती इकडेतिकडे विखुरलेली असेल तर सेकंदाला पंचाहत्तरएक जागा वाचून होतात, बस्स. एवढ्या १३ मिलिसेकंदांत ३ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोके घेणाऱ्या प्रोसेसरचे जवळपास चार कोटी ठोके पडून जातात. कामसू माणसाला इतकं ताटकळत ठेवलं तर तो संपावर जाईल.

पण डिस्कला इतकं काम काढलं कुणी? मेमरीने. यंत्र घेतलं तेव्हा ४ जीबी रॅम ऐसपैस वाटली होती. आता ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की ती भरते. भरली की विंडोज आतलं थोडं सामान डिस्कवर नेऊन ठेवतं, लागलं की परत आणतं, आणि ते आणायला जागा करायची म्हणून दुसरं बाहेर काढतं. हे सुरू झालं की खरं काम बाजूला राहतं आणि नुसती हलवाहलव चालते. यंत्र म्हातारं झालं असं आपण म्हणतो, पण प्रोसेसर आजही पहिल्या दिवसाइतक्याच वेगाने चालतो. त्याच्याकडून मागितलं जाणारं वाढलंय. पास्कल भाषा घडवणाऱ्या निकलाउस विर्थने १९९५ साली हीच तक्रार मांडली होती, की हार्डवेअर जितक्या झपाट्याने वेगवान होतं त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर संथ होत जातं. तीस वर्षांत त्याला खोटं पाडावं असं कुणाच्या फारसं मनात आलेलं दिसत नाही.

गेमची गोष्ट थोडी वेगळी. तिथे ‘कसा गोठतो’ यापेक्षा ‘केव्हा गोठतो’ हे विचारलं की अर्धं निदान होतं. सुरुवातीला छान चालून दहा-पंधरा मिनिटांनी अडखळायला लागला तर उष्णता. नवा प्रदेश, नवी खोली आली की दरवेळी आचका देत असेल तर डिस्क किंवा ग्राफिक्सची मेमरी. कधीही, कुठेही, आणि गोठण्याऐवजी थेट बंदच होत असेल तर पॉवर सप्लायवर संशय घ्यायचा, नाहीतर रॅमवर. आणि दरवेळी अगदी त्याच पुलावर, त्याच राक्षसापाशी अडकत असेल तर यंत्र निर्दोष. गेममध्येच खोट आहे, किंवा त्याची एखादी फाइल खराब आहे. लेकाला हे प्रश्न आवडले. तो वहीत वेळा लिहू लागला. त्या निमित्ताने तो किती वेळ खेळतो हेही लेखी मिळालं, हा माझा फायदा.

त्याच्या नोंदींत दहा-पंधरा मिनिटांचा पाढा दिसला, म्हणून सीपीयूचा डबा उघडला. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा चांगला जाड नमदा बसला होता. प्रोसेसर जळून जात नाही हल्ली. १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो. शहाणपणाचंच आहे, पण वापरणाऱ्याला ते कळवत नाही, त्यामुळे आपण ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत बसतो. पंख्याचं पातं बोटाने धरून धूळ उडवली, प्रोसेसरची उष्णता पात्यांपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट सुकून खडखडीत झाली होती, ती पुसून नवी लावली. आत आलेच आहे तर म्हणून मदरबोर्डवरचे, वीज साठवणारे कपॅसिटर पाहिले; डोकी सपाट होती, फुगलेली नव्हती. सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरीही बदलली. ती संपली की कॉम्प्युटर प्रत्येक वेळी भलत्याच सालात जागा होतो, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडायला नकार देतात. बँकेची साइट बिघडली म्हणून वैतागलेल्या किती लोकांच्या घरी खरी बिघडलेली वस्तू ही चकती असेल!

गेम सुधारला. डिस्क मात्र नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदी ठेवते त्या काढल्या तेव्हा वाचता न येणाऱ्या, ‘पेंडिंग’ म्हणून लिहिलेल्या जागा दिसल्या. अशी जागा आली की डिस्क पटकन हार मानत नाही. पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि तोवर अख्खं घर खोळंबतं. हे दिसल्यावर दुरुस्ती वगैरे काही नाही. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे. त्या डिस्कवर तपासण्यांचे प्रयोग आधी करायचे आणि फोटोंचं नंतर बघायचं, हा क्रम मला अजिबात मान्य नाही. सगळं उतरवून झाल्यावर तिच्या जागी चिपांवर माहिती साठवणारी एसएसडी बसवली आणि रॅम दुप्पट केली. एसएसडीत फिरणारं काही नाही, सरकणारं डोकं नाही. सेकंदाला पंचाहत्तरच्या जागी हजारो जागा वाचून होतात. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच, पण लेकाला वाटलं मी गुपचूप नवा कॉम्प्युटर आणला.

माझा स्वतःचा एक जुना गेम मात्र तरीही गोठायचा, आणि त्याचं कारण बरोबर उलटं निघालं. तो एकाच कोअरच्या, म्हणजे काम करणारा भाग एकच असलेल्या प्रोसेसरच्या काळातला, वेळ मोजायला प्रोसेसरच्या ठोक्यांवर विसंबणारा. आता कोअर चार. या कोअरवरून त्या कोअरवर गेला की दोघांचे आकडे जुळत नाहीत, आणि काळ मागे गेलाय असं वाटून बिचारा थबकतो. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन त्याला एकच कोअर नेमून दिला, झकास चालतो. त्याहून जुन्या गेमांची तर याहून पंचाईत. ४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर गृहीत धरून लिहिलेले गेम पुढच्या यंत्रांवर इतके सुसाट पळायचे, की डब्यावर ‘टर्बो’ नावाचं बटण दिलेलं असायचं, आणि त्याचा खरा उपयोग यंत्र हळू करायला व्हायचा.

प्रश्न एकच उरलाय. आमच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा असलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही जी सुरक्षेची सोय लागते ती आमच्या बोर्डावर नाही. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालायचं ठरवलंय. नवऱ्याची हरकत नाही, शेवटी फॉरमॅट होणारच म्हणून तो खूश आहे. लेकाने आपल्या गेमांची यादी दिलीय. त्यातले काही चालतील, काहींसाठी खटपट करावी लागेल. सासऱ्यांची अट फक्त पत्त्यांची. मी सांगितलं, “बाबा, त्यात पत्त्यांचे ऐंशीहून जास्त डाव आहेत.” ते थोडे चिंतेत पडले. मग म्हणाले, “त्यातला आपला कुठला, तेवढा वर काढून ठेव. बाकीचे झाकून टाक.”