आधी जातं, मग गाणं

आमच्या अंगणवाडीत गाणी रोज व्हायची, पण ती स्पीकरवरची. मुलं मोबाइलच्या पडद्याकडे बघत हात हलवायची आणि तीन वर्षांची चिमुरडी नेहमी एक-दोन ओळी मागे राहायची. त्या वयात एक तर तोंड चालतं, नाही तर हात. दोन्ही एकदम जमायला वेळ लागतो आणि लावलेलं गाणं कुणासाठी थांबत नाही. म्हणून अश्विनात, हस्ताच्या दिवसांत, मी स्पीकर बाजूला ठेवला आणि पाटावर हत्ती काढून भोंडल्याची गाणी स्वतः गायला लागले.

पहिलं घेतलं ‘अक्कण माती चिक्कण माती’. माती खणायची, जातं रोवायचं, सोजी दळायची, करंज्या करायच्या, तबकात भरायच्या, शेल्याने झाकायच्या आणि माहेरी धाडायच्या. एकातून दुसरं काम निघतं, त्यामुळे पुढे काय ते मुलांना हातांनीच आठवतं. अडचण जात्याची होती. बहुतेकांनी ते पाहिलेलंच नव्हतं, मग दळणार काय? वस्तीतल्या एका आजींच्या पडवीत अजून जातं आहे. सगळ्यांना घेऊन तिकडेच गेलो. आजींनी मूठभर तांदूळ घातले, खुंट्याला हात लावून पाहायला दिला. मी एकटीच ओढायला बसले तर म्हणाल्या, “अशी नाही ताई, समोर कुणाला तरी बसवा. दोघींचा हात पडला की जातं हलकं होतं.”

त्या एका वाक्याने खेळच बदलला. आता जमिनीवर खडूने गोल काढायचा, मध्ये लाकडी ठोकळा ठेवायचा, दोघांनी समोरासमोर बसून तो धरायचा आणि फिरवायचा. एकाने ओढलं की दुसऱ्याने ढिलं सोडायचं. घरी कुणाला खेळण्याला हात लावू न देणारी मुलंही इथे जोडीने दळतात. मी तोंडाने तेवढीच ओळ धरून ठेवते. शेवटची जोडी दळून उठली की मगच करंज्या. करंज्यांना वडाची पानं. दुमडली की झाली करंजी. शेला म्हणजे माझी ओढणी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडला हेच दाखवून दिलं होतं, की आजूबाजूच्या दगड-पानांत बालशिक्षणाचं साहित्य भरपूर असतं. अंगणवाडी ही कल्पनाच त्यांच्या कामातली. विकतच्या संचांची वाट बघत बसणाऱ्या प्रत्येक केंद्राने हे आठवावं, असं मला फार वाटतं.

फेराचं मात्र जपून. हात धरून गोल फिरताना लहानगी ओढली जातात आणि एक पडलं की चार पडतात. त्यामुळे रांगोळीच्या गोलावरून हात न धरता, टाळ्या देत चालतो. फुगडीही सुटी, दोन हात कमरेवर ठेवून जागच्या जागी. पाच वर्षांखालच्या मुलाचा हात झटक्याने ओढला किंवा हात धरून त्याला गरगर फिरवलं तर कोपराचं हाड जागचं सरकू शकतं. हे पालकांनाही सांगते, कारण घरी कौतुकाने तेच चालतं.

खरी रंगत आली ती ‘कारल्याचा वेल’मध्ये. सुनेला माहेरी जायचंय आणि सासू म्हणते आधी बी पेर, मग कोंब येऊ दे, वेल होऊ दे, फूल लागू दे. निम्मी मुलं बी होऊन गुडघ्यांत डोकं घालून बसतात, ओळीगणिक वर येतात, वेल झाल्यावर टाचा उचलून हात ताणतात. बाकीची सासू-सून. एका मुलाला सासूच व्हायचं होतं, त्याने पदर घेतला आणि ऐटीत कामं सांगितली. एका वडिलांनी “पोरांना पोरींची गाणी कशाला?” विचारलं, तेव्हा त्यांना तासभर बसवून घेतलं. पुढे त्यांनीच ठोकळ्याला रंध्याने गोल करून दिला. काही दिवसांनी सासू बदलली. एक चार वर्षांची मुलगी सासू झाली आणि पहिल्याच कडव्याला म्हणाली, “जा, आई वाट बघते.” कारलं लागायच्या आत गाणं संपलं. मी ते तसंच राहू दिलं आणि दुसऱ्या दिवशी कारल्याऐवजी टोमॅटो आला तोही ठेवला. लोकगीत आजवर असंच बदलत आलं आहे. सुनेला मारझोड असलेली गाणी मात्र या वयाला घेत नाही.

दिवाळीनंतरही मुलं दळण मागत होती, म्हणून खडूचं जातं आता वर्षभर कोपऱ्यात असतं. विदर्भातल्या एका सेविकाताईंनी भुलाबाईची, म्हणजे तिकडच्या भोंडल्यासारख्या खेळाची, काही गाणी म्हणून पाठवली आहेत. चाल आमच्याकडच्यापेक्षा संथ आहे, तेव्हा ती आधी माझ्या गळ्यात बसली पाहिजे.