दोन जहाजांमधल्या फटीतलं पाणी: रेझोनन्सचं मॉडेल बसवताना

तरंगत्या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) प्रकल्पाला टँकर शेजारी लागला की मधली फट जेमतेम फेंडरच्या (धक्के झेलणाऱ्या गादीच्या) व्यासाएवढी उरते, आणि लाटेचा पिरियड, म्हणजे एका हेलकाव्याचा काळ, फटीतल्या पाण्याच्या स्वतःच्या पिरियडशी जुळला की ते पाणी भसाभस वरखाली होतं. हाच रेझोनन्स. सॉफ्टवेअर उघडण्याआधी मी फटीचा हा पिरियड हातानेच काढतो. संशोधक बर्नार्ड मोलिन यांचं २००१ चं सूत्र त्याला पुरतं.

फट ४ मीटर, ड्राफ्ट (जहाजाची पाण्याखालची खोली) १२, दोन्ही जहाजं प्रत्येकी ५० मीटर रुंद. फटीसह एकूण १०४. याला फटीच्या दुपटीने भागलं की १३. त्याचा नैसर्गिक लॉग २.५७, त्यात १.५ मिळवायचे, फट भागिले पाय म्हणजे १.२७ ने गुणायचं: ५.१८. ड्राफ्ट धरून १७.१८ मीटर. ९.८१ ला याने भागून वर्गमूळ घेतलं की ०.७६ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे ८.३ सेकंद. नेमका स्वेलचा (दुरून येणाऱ्या लांब लाटांचा) पिरियड! हिशोब द्विमितीय आहे. प्रत्यक्षात फटीच्या लांबीवर बसणारे एकाला एक लागून असे बरेच मोड (पाण्याच्या हेलकाव्याचे वेगवेगळे प्रकार) मिळतात.

मग कॅपिटेन, म्हणजे लाटा आणि जहाजांचं गणित करणारं सॉफ्टवेअर. त्यात जहाजाचा पृष्ठभाग छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅनेलमध्ये, विभागतात; पॅनेलची ही जाळी म्हणजे मेश. फटीकडच्या भिंतींवर २ मीटरचे पॅनेल, बाकी ठिकाणी ४-५ मीटरचे चालतात. सगळीकडे बारीक मेश नको: १०,००० पॅनेलला एकेक मॅट्रिक्स १.६ जीबी खातं, पॅनेल दुप्पट केले की चौपट. फ्रिक्वेन्सीची पायरी मात्र ०.००५ रेडियन प्रति सेकंद ठेवतो; ०.०५ ने गेलं तर रेझोनन्सचं शिखर दोन बिंदूंच्या मधेच हरवतं.

आता खोटी शिखरं. इर्रेग्युलर फ्रिक्वेन्सी म्हणजे गणिताच्या पद्धतीमुळेच खोटं शिखर दिसणारी फ्रिक्वेन्सी. ३०० बाय ५० मीटरच्या, त्याच १२ मीटर ड्राफ्टच्या चौकोनी खोक्याची पहिली अशी फ्रिक्वेन्सी ०.९८ च्या आसपास पडते, म्हणजे फटीच्या वरच्या मोडच्या गर्दीतच. जहाजाच्या आतल्या जलपातळीवर लिड मेश (झाकणासारखी जाळी) टाकली की ती जाते. तरी शंका असेल तर फट अर्धा मीटर वाढवून पुन्हा चालवावं. खरं शिखर सरकतं, खोटं जागचं हलत नाही.

शिखराच्या उंचीवर मात्र माझा भरवसा नाही. पोटेन्शियल फ्लोमध्ये, म्हणजे घर्षण नसलेल्या पाण्याच्या गणितात, बिल्जच्या (जहाजाची बाजू तळाला मिळते त्या कोपऱ्याच्या) कडेला भोवरे सुटतच नाहीत, त्यामुळे शिखर अवास्तव उंच येतं. म्हणून फक्त फटीतल्या पृष्ठभागावर डॅम्पिंग लिड (हालचाल दाबणारं काल्पनिक झाकण), आणि तिचा एप्सिलॉन, म्हणजे किती दाबायचं तो आकडा, लाटांच्या प्रयोगटाकीतल्या मोजमापांशी जुळवून. भोवऱ्यांचं डॅम्पिंग वेगाच्या वर्गाने वाढतं, लिडचं सरळ प्रमाणात. त्यामुळे १ मीटरच्या लाटेला जुळवलेला एप्सिलॉन ३ मीटरला कमी पडतो. बिल्ज गोल असेल तर आकडा पुन्हा वेगळा. रिपोर्टमध्ये एप्सिलॉनशेजारी लाटेची उंची आणि बिल्जची त्रिज्या लिहिलेली नसेल, तर तो आकडा मी वापरत नाही.