गुंड्या खाली येईना

आज दोनदा भिजले, चिखलात बूट रुतला, ओढून काढला तर पाय बाहेर आणि बूट तिथेच, हात अजून पपईचा वास मारतायत, तरी लिहायला बसलेय म्हणजे काहीतरी झालंय हे आलंच.

सकाळ नेहमीचीच. रताळी, केळी, कलिंगड चिरायचं, बांबूच्या नळीत मध आणि फळांचे तुकडे कोंबायचे, वरून पाला गच्च दाबायचा म्हणजे इथल्या अनाथ ओरांगउटान वानरांच्या पिल्लांना काडी घालून उकरत बसावं लागतं. माझं काम एवढंच, पिल्लांना हात लावायचा नाही. आपली सर्दी, आपला टीबी त्यांना होतो, म्हणून मास्क कायम. इंडोनेशियातल्या बोर्निओ बेटावर, मध्य कालिमंतानच्या या दमट हवेत मास्क म्हणजे तोंडाला ओलं फडकं बांधल्यासारखंच, पण सांगणार कुणाला.

हात लावतात त्या फक्त इथल्या सांभाळणाऱ्या बायका. त्यांना सगळे इबू म्हणतात, म्हणजे आई, पण आपण कुठल्याही बाईला मावशी म्हणतो तितक्याच सहज. सकाळी त्या पिल्लांना बांधकामावर असते तसल्या एकचाकी गाडीत घालून जंगलात नेतात, चार-पाच केसाळ डोकी एकमेकांना घट्ट धरून बसलेली, त्यातलाच गुंड्या (खरं नाव वेगळं आहे, मी आपली मनातल्या मनात गुंड्या म्हणते). वय तीनेक वर्षं. कुणाच्या तरी घरी लाकडी खोक्यात सापडला. पिल्लू एकटं सापडलं म्हणजे आई मारली गेली असं इथे धरूनच चालतात, कारण जिवंत असती तर तिने सोडलंच नसतं, सात-आठ वर्षं पोर आईजवळच असतं, कुठलं झाड, कुठलं फळ, घरटं कसं बांधायचं, सगळं तिच्याकडे बघून शिकतं. आता ते इबूंनी शिकवायचं. माणसांनी. म्हणजे बघा.

गुंड्याला जमीन फार आवडते हीच पंचाईत. झाडावर दहा मिनिटं झाली की हा खाली, इबूच्या पायाला मिठी. आणि इबू काय करते, तर त्याला सोडवते, बुंध्याला लावते आणि ओरडते "नाइक! नाइक!", म्हणजे वर चढ. पहिल्या आठवड्यात मला हे बघवायचं नाही. आईला फोनवर सांगितलं तर तीही म्हणाली, "अगं, रडतंय तर घ्यावं की कडेवर, कसल्या बायका त्या!" आता तिला काय सांगू, की त्या इबूनेच त्याला रात्र रात्र मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजलंय, 2015 साली इथली पीटची (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची) जमीन महिनोन् महिने धुमसत होती तेव्हाच्या धुरातही तिने अशीच पिल्लं सांभाळलीयत. पण जमिनीवर रमलेला, माणसाला न घाबरणारा ओरांगउटान जंगलात सोडला तर तो सरळ कुणाच्या तरी पाम तेलाच्या मळ्यात जाणार. त्याची आई बहुतेक तिथेच गेली.

(वहिनीने पाठवलेला चिवडा काल संपवला. पाकीट टाकताना मागचं वाचलं, पामोलिन. मग ते पाकीट उगीचच घडी घालून बॅगेत ठेवलं, का ते माहीत नाही.)

तर आज. दुपारी धो धो पाऊस आला, मी शेडखाली पळाले, आणि वर बघते तर गुंड्या फांदीवर बसलेला, डोक्यावर एक मोठं पान धरून, अगदी कोकणातल्या बाईने इरलं घ्यावं तसा. पाऊस थांबल्यावर त्याने एक फांदी वाकवली, तिच्यावर बसला, दुसरी ओढली, ती सुटून फटकन तोंडावर आली. परत ओढली. घरटं कसलं, नुसता कचरा झाला होता, पण पठ्ठ्या त्यात आडवा झाला.

तीनला परत निघायचं असतं. बाकीची पोरं गाडीत बसली, हा येईना. इबूने केळं दाखवलं, हाका मारल्या. एकदा खाली बघितलं त्याने, मग पाठ फिरवली. साडेचार वाजले, पावणेपाच, डास फोडून काढत होते आणि इबू गाडीच्या दांड्यावर टेकून त्याला शिव्या घालत होती, मास्कच्या वर तिचे डोळे मात्र हसत होते. मला म्हणाली तू जा, मी थांबते.

मी नाही गेले.