मॅटाडोरची चाके रुंद करताना

बजाज टेम्पोच्या जुन्या मॅटाडोरमध्ये झोपण्याच्या फळ्या, पाण्याची टाकी आणि शेगडी बसवल्यापासून आंबा घाटाच्या वळणांवर तिचे डोलणे फारच वाढले होते. रुंद टायर घ्यावेत, तर ते अरुंद रिमवर नीट बसत नाहीत. कडा आवळल्या जाऊन टायरची पाठ फुगते आणि वळणावर टायर आडवा लचकतो. म्हणून रिम कापून मध्ये पोलादी पट्टी घालण्याचे ठरले. रत्नागिरीत होड्यांच्या शाफ्टची कामे करणारे लेथवाले असल्यामुळे त्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागले नाही.

रिम किती वाढवायची यावर सगळे बोलतात. माझ्या मते पट्टी कोणत्या बाजूला घालायची, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. एक इंचाची, म्हणजे 25.4 मि.मी.ची पट्टी डिशच्या, म्हणजे चाक बोल्टांनी गाडीला जोडणाऱ्या मधल्या तबकडीच्या, बाहेरच्या अंगाला घातली, तर चाकाची मध्यरेषा 12.7 मि.मी. बाहेर सरकते. गाडी ऐटदार दिसते खरी, पण बेअरिंगवर ताण वाढतो. शिवाय मॅटाडोरची पुढची चाके गाडी ओढतातही आणि वळवतातही, त्यामुळे खड्ड्यात आदळल्यावर स्टिअरिंगला बसणारा हिसका हाताला चांगलाच जाणवतो. पट्टी आतल्या अंगाला घातली, तर मध्यरेषा तेवढीच आत येते. मात्र टायर स्प्रिंगला किंवा ब्रेकच्या होजला घासत नाही ना, हे गाडी भरलेली असताना, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे लागते.

गॅस कटरने रिम कापू देऊ नये. लेथवर कापताना टायर चढवण्यासाठी लागणारा मधला खोलगट भाग आणि टायर धरून ठेवणारा कडेचा उंचवटा शाबूत राहिला पाहिजे. आधी समोरासमोर वेल्डिंगचे छोटे टाके मारायचे, चाक फिरवून डायल गेजवर (बारीक फरक मोजणाऱ्या काट्याच्या मापकावर) आऊट, म्हणजे चाक किती वाकडे फिरते ते, पाहायचा आणि मगच जागा बदलत थोडे थोडे वेल्डिंग पुरे करायचे. एका दमात गोल फिरवले, तर उष्णतेने रिम ओढली जाऊन वाकडी होते. ट्यूबलेस टायरमध्ये हवा भरून सांध्यावर साबणाचे पाणी लावल्यावर आमच्या एका रिमवर मोहरीएवढे बुडबुडे ओळीने उमटले, तेव्हा तेवढा भाग घासून पुन्हा जोडून घेतला. आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात उघडा सांधा एक पावसाळाही काढत नाही, म्हणून जस्ताचा प्रायमर आतूनसुद्धा हवा.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, तेव्हा आरटीओत आधीच विचारलेले बरे. टायरही मोटारीचे न घेता व्हॅनचा भार पेलणारेच घ्यावेत.

आम्ही शेवटी मागचीच चाके रुंद केली आणि पुढची मूळ रुंदीची ठेवली. परिणामी दोन स्टेपन्या वाहाव्या लागतात, आणि त्यातली एक झोपण्याच्या फळीखाली गेल्यामुळे घरातून होणारी कुरकूर अगदी रास्त आहे.