आमची वाटचाल : चोवीस बोल्ट आणि एक बदनामी

गॅरेज कसं सुरू झालं ते लिहा, असं मुलगी म्हणते. त्यात काय लिहायचं? वडील अलिबागला रिक्षा-स्कूटरची कामं करायचे, मी त्याच शेडमध्ये किनाऱ्यावरच्या क्वाड बाइक (चार जाड चाकांच्या गाड्या) दुरुस्तीला घ्यायला लागलो. लिहायचंय ते ब्रेकच्या बोल्टबद्दल. आमचं नाव त्याच्यावरच झालं आणि एकदा गेलंही त्याच्यावरच.

कॅलिपर अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी, मध्ये समुद्राचं पाणी. (कॅलिपर म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग.) अशात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी बोल्टच्या आट्यांत फुगून बसते. लाल गंज एकवेळ डिझेलला ऐकतो, ही भुकटी कुणाच्या बापाला ऐकत नाही.

२०१८ चा नाताळ. नागावच्या वहिनींच्या चार गाड्या त्या वेळी किनाऱ्यावर फिरायच्या. त्यातल्या एकीचे मागचे पॅड संपले होते आणि गाडी सकाळी सातला हवी होती. माझा भागीदार म्हणाला, तेल सोडून रात्रभर ठेवू. मी ऐकलं नाही. एलन कीला (बोल्टच्या सहाकोनी खाचेत बसणारी चावी) पाइप लावला आणि जोर दिला. बोल्ट आधी मऊ लागला, मग एकदम हलका. ज्याने अनुभवलंय त्याला तो हलकेपणा पोटात कळतो. मुंडी हातात, बाकीचा बोल्ट आत. त्यात घाईने ड्रिल मारला तो तिरका गेला आणि आटेही गेले. ऐन सीझनला गाडी आठ दिवस उभी.

चूक माझीच, नाही म्हणत नाही. पण भागीदाराने ती नागावपासून काशिदपर्यंत प्रत्येक टपरीवर सांगितली. जानेवारीत तो कॉम्प्रेसर आणि इम्पॅक्ट गन (हवेच्या जोरावर बोल्ट फिरवणारं यंत्र) घेऊन गेला (पैसे त्याचेच होते, ते कबूल) आणि वळणावर स्वतःचं दुकान टाकलं. होळीपर्यंत माझ्याकडे एकच गिऱ्हाईक उरलं. वहिनी. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तोंडावर सांगितलंत की तुमच्या हातून मोडला. दुसरा असता तर गाडीच खराब म्हणाला असता."

मग लॉकडाउन, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ. शेडचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. वहिनींच्या चारही गाड्या खाऱ्या वाळूत गाडल्या गेल्या होत्या. एका गाडीला तीन कॅलिपर, प्रत्येकाला दोन बोल्ट, म्हणजे एकूण चोवीस. सहा दिवस घेतले. आधी तारेचा ब्रश, मग एलनच्या खाचेतला गंज सुईने खरवडायचा, नाहीतर की अर्धीच बसते आणि खाच गोल होते. पॅड आणि रबरं काढून बाजूला. तेल सोडून रात्रभर मुक्काम. सकाळी पितळी दांडा मुंडीवर ठेवून हातोडीचे चार ठोके, आणि बोल्ट सोडवायच्या आधी किंचित आवळायचा. होय, आवळायचा. चिर्र आवाज आला की जिंकलात. तरी हलला नाही तर आच द्यायची, पण बोल्टला नव्हे, भोवतालच्या धातूला. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मुंडी गोल झालेली असेल तर तिच्यावर नट वेल्ड करायचा, आच आणि पकड एकदमच मिळते. चोवीसपैकी एक मोडला. त्याला बरोबर मधोमध पंच, उलट्या फेऱ्याचं बिट, शेवटी ६.८ मिमीचं ड्रिल आणि नवे आटे पाडायला आठचा टॅप.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

गाडीवाल्यांना एक सांगतो, कुणी विचारलेलं नाही तरी. संध्याकाळी गाडी धुता ती पर्यटकांना चकचकीत दिसावी म्हणून. पाइप चाकाच्या आत घाला, गोडं पाणी कॅलिपरच्या मागे जाऊ द्या. वर्षातून दोनदा बोल्ट सोडून आट्यांना जराशी अँटी-सीझ (बोल्ट अडकू नये म्हणून लावायची पेस्ट) लावून परत बसवा. पॅडला आणि डिस्कला मात्र ती लागता कामा नये. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी आच देऊ नका, काहींचा धूर जीवघेणा असतो.

वळणावरचं दुकान चालू आहे. इम्पॅक्ट गन जोरदार आहे, बोल्टही जोरदार मोडतात. संध्याकाळी त्याचा पोऱ्या मोडका बोल्ट अडकलेलं कॅलिपर गोणपाटात गुंडाळून मागच्या दाराने येतो. कुणाचं ते मी विचारत नाही. इतरांकडून घेतो त्याच्या दीडपट घेतो.